दंगल-नियंत्रणाच्या जुन्या प्रशिक्षणपटांतला जमाव इतक्या सहज कसा पांगतो?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. आमच्या चित्रपट मंडळाने पुढील महिन्यात जुन्या प्रशिक्षणपटांची एक संध्याकाळ योजली आहे. त्यासाठी अमेरिकी लष्कराने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ट बेल्वॉर आणि फोर्ट गॉर्डन येथे उभारलेल्या ‘रायट्सव्हिल’ या लुटुपुटुच्या गावांतील चित्रण पाहत होतो. दुकानांच्या नुसत्या दर्शनी भिंती, साध्या कपड्यांत दंगेखोर झालेले सैनिकच आणि ओळीने बसून हे सारे पाहणारे अधिकारी, असा तो थाट आहे. तुकडी बाणाच्या टोकासारखी आत शिरते आणि जमाव लगेच दुभंगतो. प्रत्यक्षात असे घडते का, आणि आपल्याकडील ‘दंगा काबू योजने’च्या रंगीत तालमीचा अनुभव काय सांगतो, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त फौजदार (सांगली)

जमाव दुभंगतो, कारण त्याला दुभंगण्याचाच हुकूम असतो. आमच्या तालमीत नवे शिपाईच जमाव होत, दगड म्हणून कागदाचे बोळे फेकत आणि घोषणा मात्र मनापासून देत, कारण त्या मेसमधल्या पातळ आमटीविरुद्ध असत. शिट्टी वाजली की तीच मंडळी हसत बाजूला होत.

सरळ रांग जमावाला मागे रेटण्यासाठी, बाणाची रचना त्याचे दोन भाग करण्यासाठी आणि तिरकी रांग त्याला एका बाजूला वळवण्यासाठी असते, एवढे या चित्रणांतून उत्तम कळते. कळत नाही ते मागच्या रांगांचे. पुढच्या माणसाला पळायचे असते, पण मागच्याला पुढे काय चालले आहे याचा पत्ताच नसतो. गणपती पेठेसारख्या दाटीच्या भागात बाहेर पडायची वाट मोकळी ठेवली नाही, तर लाठीपेक्षा चेंगराचेंगरीनेच माणसे अधिक जखमी होतील. शिवाय कायद्याने आधी पांगण्याचा आदेश द्यावा लागतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 129, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 148), आणि तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेतो थांबणे हेच खरे अवघड काम असते. पडद्यावर ते क्षणात उरकते.

रीळवाला (कराड)

फौजदारसाहेबांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. कॅमेरा कुठे उभा आहे ते पाहा. अशा चित्रणांत तो बहुतेक वेळा तुकडीच्या पाठीशी किंवा वर गच्चीवर असतो, त्यामुळे जमावाला चेहरे उरत नाहीत. साताऱ्यातील प्रेक्षकांना हे खटकेल असे वाटते, कारण 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या आणि गोळीबाराला सामोऱ्या गेलेल्या मोर्चाची आठवण इथे जमावाच्या बाजूने सांगितली जाते. त्या गोळीबारात हुतात्मा झालेले परशुराम घार्गे यांचे नाव त्या आठवणीत हमखास येते. माझे ऐकाल तर तोच तुकडा दोनदा दाखवा, आणि दुसऱ्यांदा निवेदनाचा आवाज बंद ठेवा.

अजिंक्यतारा (सातारा)

दोघांचेही आभार. तुकडा दोनदाच दाखवू. फौजदारसाहेब, आपण त्या दिवशी साताऱ्यास येऊ शकाल का? आदेशाची घोषणा प्रत्यक्षात किती वेळ चालते, हे सभागृहात आपणच करून दाखवावे, ही विनंती.

निवृत्त फौजदार (सांगली)

येईन. ध्वनिक्षेपक मात्र हातातला ठेवा, आणि शेवटच्या रांगेत थोडे कमी ऐकू येणारे कोणी बसवा.