घटस्फोटाचा दावा नाही, तरी लेकराच्या भेटीचा आदेश मिळतो का?

लातूरकर
आई ६ वर्षांच्या मुलीला घेऊन परभणीला माहेरी, वडील लातूरला. दावा कुणीच टाकलेला नाही. पाच महिने भेट नाही. समेटाच्या बैठकीतली माणसं म्हणतात, स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करू, कोर्टाची पायरी कशाला. तेवढ्यावर भागतं का? आणि अर्ज करायचाच तर लातूरला की परभणीला?

वकील_नांदेड
नोटरीवर भागत नाही. उद्या कुणी शब्द फिरवला तर त्या कागदावर दरखास्त, म्हणजे कोर्टामार्फत अंमलबजावणीचा अर्ज, चालत नाही. बैठकीत जमलेलं मात्र वाया घालवू नका. अर्ज दाखल करून तेच मुद्दे तडजोड पुरशिस (दोघांच्या सहीचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) म्हणून द्या आणि त्यावर आदेश घ्या.

अर्ज परभणीलाच. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम ९ मूल सहसा कुठं राहतं ते बघतं, बाप कुठं राहतो ते नाही. लातूरला टाकला तर हद्दीच्या वादातच तारखा जातात. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, घटस्फोटाचा दावा असावाच लागतो असं नाही. मुख्य अर्जासोबतच कलम १२ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, भेट मागा, कारण मुख्य अर्ज रेंगाळतो आणि लेकरू तोवर तुटत जातं. सोबत मुलीचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड, पैसे पाठवल्याच्या नोंदी, भेट मागितल्याचे मेसेज.

समुपदेशक_संभाजीनगर
खरा घोळ आदेशाच्या भाषेत होतो. ‘महिन्यातून दोनदा भेट’ एवढंच लिहिलं की पहिल्याच महिन्यात भांडण. असं लिहून घ्या: पहिला व तिसरा रविवार, सकाळी ११ ते १, अमुक ठिकाणी, आजोबा आणून सोडतील, वडील तिथंच परत देतील. अर्ध्या तासापर्यंतचा उशीर चालेल. लेकरू आजारी असेल तर आदल्या संध्याकाळी मेसेज, आणि बुडालेली भेट पुढच्या रविवारी. दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, उन्हाळ्यात किती दिवस, महालक्ष्म्यांना लेकरू कुणाकडं, हेही त्यातच.

व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या एका निकालात म्हटलंय. त्या वेळी लाइट गेली तर दुसऱ्या दिवशी तीच वेळ, एवढं वाक्य जोडा.

एक कळकळीनं सांगते. पाच महिन्यांच्या खंडानंतर लगेच मुक्काम मागू नका. दोन तासांपासून सुरुवात, मग पूर्ण दिवस, मुलगी रुळली की मुक्काम. घाईनं नेलेलं लेकरू रात्री रडतं आणि पुढच्या तारखेला तेच रडणं कोर्टासमोर येतं.

विधिसेवा_बीड
आईची बाजूही बघा. दारू, मारहाण यांची भीती असेल तर भेट परस्पर बंद करण्यापेक्षा कोर्टाकडं देखरेखीखालची भेट मागावी. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज चालू असेल तर २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली तिथंही भेटीचा विचार होतो, आणि लेकराला धोका दिसला तर भेट नाकारताही येते. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पोटगी आणि भेट एकमेकांना बांधू नका. भेट नाही म्हणून पोटगी थांबवली की वसुलीचं वॉरंट निघतं. पोटगी थकली म्हणून आईनंही भेट अडवायची नाही.

लातूरकर
आदेश होऊनही मुलीला आणलंच नाही तर?

वकील_नांदेड
शाळेतून परस्पर उचलायचं नाही, तिथंच सगळी केस बिघडते. ठरल्या जागी जायचं, वेळ संपेपर्यंत थांबायचं, तिथूनच ‘मी आलोय’ असा मेसेज टाकायचा. पुढच्या तारखेला पुरशिस देऊन रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेच्या नोंदवहीत) नोंद घ्यायची. असं दोन-तीनदा झालं की त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज, आणि त्यातच बुडालेल्या भेटी भरून मागायच्या.