उताराच्या काळ्या जमिनीत पाणी अडवावे की त्याला वाट काढून द्यावी?

प्रश्न : काटोल तालुक्यातील शेतकरी

नमस्कार. नागपूर जिल्ह्याच्या काटोल तालुक्यात आमचे ६ एकर वावर आहे. वरचा दीड-दोन एकरांचा भाग बरड असून तेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खाली जावे तशी जमीन काळी आणि खोल होत जाते. सोयाबीन आणि तूर उताराच्या दिशेनेच पेरण्याची पद्धत वडिलांपासून चालत आली आहे, कारण तशी तासे लांब पडतात आणि ट्रॅक्टर कमी वेळा वळवावा लागतो. गेल्या ३ पावसाळ्यांत खालच्या कोपऱ्यात घळ पडली असून ती दरवर्षी वरच्या बाजूला सरकत आहे. आज तिच्यात उतरलो तर ती कमरेइतकी खोल भरते. खालच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या हद्दीवर, जेसीबीने मोठा बांध घालून सगळे पाणी वावरातच अडवावे, असा माझा विचार आहे. मृग लागण्यापूर्वी काम उरकायचे आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर १ : कृषी पदवीधर, नागपूर

आपली तळमळ समजते, पण खालच्या बांधापासून सुरुवात करू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाण्याचा हिशेब आधी करून पाहा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ हेक्टरवर १०,००० लिटर पाणी. त्यामुळे एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर आपल्या ६ एकरांवरच सुमारे १२ लाख लिटर पाणी पडते. वरच्या शेजाऱ्याच्या वावरातून येणारे पाणी याहून वेगळे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, म्हणून पहिल्या पावसात ती भरपूर पाणी पिते. मात्र एकदा ती फुगली आणि भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग फार मंदावतो. अशा वेळी खालच्या बांधाशी तळे साचेल, सोयाबीन पिवळे पडेल आणि बांध जेथे सर्वांत कच्चा असेल तेथून फुटून घळ अधिकच रुंद होईल.

आपल्याकडे वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होतो. कमी पावसाच्या भागातील समपातळी बांध, म्हणजे एकाच पातळीत घालून पाणी जागीच अडवणारे बांध, येथील भारी जमिनीला मानवत नाहीत. येथे ढाळीचे बांध हवेत, म्हणजे पाण्याचा वेग मोडून त्याला एका बाजूच्या सुरक्षित, गवत वाढलेल्या वाटेने हळूहळू बाहेर नेणारे. त्यासाठी आधी पारदर्शक नळीत पाणी भरून उतार मोजा. ३० मीटर अंतरात ६० सेंटीमीटर उतार भरला, तर तो २ टक्के झाला, आणि अशा उतारावर दोन बांधांमध्ये सुमारे ४० मीटर अंतर ठेवता येते. बांधाला त्याच्या लांबीत १०० मीटरमागे २० ते ३० सेंटीमीटर ढाळ पुरतो. वरचा बरड भाग मात्र वेगळा आहे. मुरमात पाणी मुरते, म्हणून तेथे पाणी अडवण्यात अर्थ आहे. उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे समतल चर खोदून त्यांच्या खालच्या कडेला माती टाकली, तर खालच्या काळ्या जमिनीवर येणारा लोंढा बराच कमी होईल.

आणि या सगळ्याआधी पेरणीची दिशा बदला. उताराला आडवी पेरणी करण्यास वेगळा खर्च लागत नाही, आणि प्रत्येक तास हाच एक छोटा बांध होतो.

उत्तर २ : संत्रा बागायतदार, कळमेश्वर

भाऊ, वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. माझ्या बागेच्या खालच्या बाजूला मी असाच सरळ रेषेत उंच बांध घालून घेतला होता. काम करणाऱ्याने पातळी मोजली नाही आणि मीही विचारले नाही. त्या वर्षीच्या श्रावणात खालच्या २ ओळींत पाणी साचून राहिले, झाडांच्या बुंध्यांवर डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, दिसू लागला आणि पुढच्या दीड वर्षात १४ झाडे वाळली. संत्र्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे मला तेव्हा उमगले. आता प्रत्येक २ ओळींनंतर निचऱ्याचा चर आहे आणि तो पावसाळ्यापूर्वी साफ करण्याचे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

सोयाबीनमध्येही हेच तत्त्व चालते. आम्ही रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे रुंद उंच पट्ट्यांवर पीक आणि दोन पट्ट्यांमध्ये सरी ठेवून, पेरतो. पाऊस दडी मारतो तेव्हा सरीतला ओलावा कामी येतो आणि झड लागते तेव्हा तीच सरी जादा पाणी बाहेर काढते.

उत्तर ३ : पाणलोट कामाचा अनुभव असलेला

घळीविषयी थोडे सांगतो. तिच्या तोंडापासून नव्हे, डोक्यापासून सुरुवात करावी. जेथून पाणी आत पडते, त्या कड्याच्या वर लहानसा वळण-बांध घालून पाणी गवताच्या वाटेकडे वळवावे. कडा तशीच ठेवली, तर खाली कितीही दगड टाकले तरी घळ वर सरकतच राहील. त्यानंतर घळीत अनगड दगडांचे छोटे बांध रचावेत. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आला, की अंतर बरोबर जुळले असे समजावे. प्रत्येक बांध दोन्ही काठांत खोलवर शिरलेला असावा आणि मध्यभागी किंचित खोलगट ठेवावा, अन्यथा पाणी बाजूने काठ कोरते. बांधांमागे गाळ साचला की त्यात खस (वाळा गवत) लावावा. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि शेजारच्या पिकाला फारशी अडचण करत नाहीत.

मे महिन्यात कोरड्या ढेकळांचा बांध केला, तर पहिल्या पावसात तो बसतो, म्हणून ढेकळे फोडून घ्या, थरांवर थर दाबा आणि उंची थोडी जास्तच ठेवा. वरच्या शेजाऱ्याशी बोलणे मात्र टाळू नका. त्यांच्या वावरातले पाणी कोठून उतरते हे त्यांच्यासोबत धुऱ्यावर उभे राहून पाहिले, तर वळण-बांधावरून पुढे वाद होणार नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. जेसीबीचे काम सध्या थांबवले आहे. या रविवारी नळीने उतार मोजतो आणि वर, मध्ये, खाली असे ३ खड्डे खोदून मातीची खोली पाहतो. शेजारचे काकाही सोबत येण्यास तयार झाले आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या काळी याच धुऱ्याच्या पूर्वेकडे पाण्याची वाट होती, ती नांगरटीत बुजली. तीच पुन्हा मोकळी करता येते का, ते आधी पाहतो आणि मोजमापे येथे लिहितो.