हॉर्नेट सिम्युलेटर : ओबॉग्स (ऑक्सिजन पुरवणारी यंत्रणा) चालू, तरी २५ हजार फुटांच्या वर वैमानिक बेशुद्ध (मदत हवी आहे)

मंडळी, एफ/ए-१८सी हॉर्नेट या लढाऊ विमानाच्या एका अतिशय तपशीलवार सिम्युलेटरमध्ये अडकलोय. विमान पूर्ण बंद अवस्थेतून चेकलिस्टप्रमाणे सुरू करतो, टेकऑफ नीट होतो, २० हजार फुटांपर्यंत काहीच जाणवत नाही. २५ हजारांच्या वर गेलं की थोड्या वेळाने चित्राच्या कडा काळवंडतात, इंजिनाचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो आणि मग सगळा अंधार. त्याआधी नाक खाली घालून १० हजारांच्या खाली आलं, तर दृष्टी हळूहळू परत येते. हा जी-फोर्सचा (जोरदार वळणात रक्त डोक्यातून खाली गेल्याने येणारा) ब्लॅकआउट नाही, अगदी संथ चढाईतही होतो. म्हणजे हायपॉक्सियाच (शरीराला ऑक्सिजन कमी पडणं).

डाव्या कन्सोलवरचा ओबॉग्सचा स्विच ऑन आहे, ऑक्सिजन फ्लोचा नॉब ऑन आहे, केबिन प्रेशरचा स्विच नॉर्मवर (नॉर्मलवर) आहे. मला कोडं पडलंय ते असं : समजा केबिनचं प्रेशर गेलंच, तरी मास्कमधून जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन येतोय. शुद्ध ऑक्सिजनवर ३४ हजार फुटांपर्यंत फुप्फुसांना समुद्रसपाटीइतका ऑक्सिजन मिळतो, ४० हजारांवर साधारण १० हजार फुटांवरच्या हवेइतका. मग २८ हजारांवर शुद्ध जायचं कारणच काय?

आणखी दोन गोष्टी. इंजिनं आधीच चालू असलेलं विमान मिळतं त्या मिशनमध्ये हा त्रास अजिबात नाही. आणि बाहेरच्या टाकीतलं इंधन आत येत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढणार होतो, पण तेही फक्त मी स्वतः विमान सुरू केलं तरच होतं, म्हणून इथेच लिहितोय.

नुसतं ‘हा स्विच दाबा’ असं उत्तर नकोय, आतलं यंत्र कसं चालतं तेही समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया वेळ काढावा.

प्रतिसाद १

टाकीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, माझा संशय तिथेच बळावला. सुरू करताना फायर टेस्ट (आगीच्या इशाऱ्याची तपासणी) करता का? आणि डाव्या डिस्प्लेवर ‘एल बीएलडी ऑफ’, ‘आर बीएलडी ऑफ’ (डाव्या, उजव्या इंजिनाची ब्लीड एअर बंद) अशा ओळी दिसतात का?

धागाकर्ता

टेस्ट ए आणि बी दोन्ही करतो. आत्ताच विमान सुरू करून पाहिलं, दोन्ही ओळी आहेत. पण ब्लीड एअरचा (इंजिनातून काढलेल्या दाबाच्या हवेचा) नॉब तर नॉर्मवरच आहे! मग व्हॉल्व्ह बंद कसे?

प्रतिसाद १

कारण ती टेस्ट नुसते दिवे लावून दाखवत नाही. आगीबरोबर ती ब्लीड एअरची गळती शोधणारी यंत्रणाही तपासते, आणि खरी गळती झाल्यावर जे व्हायला हवं तेच घडवते : दोन्ही इंजिनांचे ब्लीड व्हॉल्व्ह मिटतात आणि मिटलेलेच राहतात. नॉबची जागा जराही हललेली नसते. इंजिनं चालू झाल्यावर तो नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ऑफवरून, पूर्ण एक फेरी फिरवून परत नॉर्मवर आणायचा. तेव्हाच व्हॉल्व्ह उघडतात आणि त्या दोन ओळी जातात.

आता तुमचं कोडं. तुमचं गणित बरोबर आहे, पण ते बाटलीतल्या ऑक्सिजनचं आहे. ओबॉग्स ही बाटली नाही. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली दाबाची हवा थंड करून झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज) भरलेल्या नळकांड्यांमधून जाते. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि उरलेला ऑक्सिजन मास्ककडे जातो. ब्लीड एअर नसेल तर ओबॉग्सचा स्विच ऑन असून काही उपयोग नाही, गाळायला हवाच नसते. केबिनचं प्रेशरही त्याच हवेवर, जी-सूटचं (पाय आणि पोट आवळून धरणाऱ्या पोशाखाचं) फुगणंही त्याच हवेवर, आणि बाहेरच्या टाकीतलं इंधन आत ढकलणारा दाबही तिचाच. म्हणून तुमचे दोन्ही त्रास एकत्र आले. केबिन गेली तर मास्क वाचवेल हा हिशोब हॉर्नेटमध्ये पुरता लागू पडत नाही, कारण दोघांचं मूळ एकच आहे.

प्रतिसाद २

वरचं उत्तर अचूक आहे. एक भर घालतो, कारण हा फक्त सिम्युलेटरचा प्रश्न नाही. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस या विमानकंपनीचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं होतं. त्याआधी जमिनीवर प्रेशरची तपासणी झाली होती आणि तिच्यासाठी मॅन्युअलवर नेलेला स्विच तसाच राहिला, त्यामुळे केबिनमध्ये आपोआप दाब भरलाच नाही. चढताना केबिनच्या उंचीचा (आतला दाब किती उंचीवरच्या हवेइतका आहे त्याचा) भोंगा वाजला, पण वैमानिकांना तो विमान टेकऑफसाठी नीट तयार नसल्याचा इशारा वाटला. विमानातले सगळे १२१ जण गेले. चाचणीने बदललेली गोष्ट पूर्ववत झाली की नाही, हे चढाईच्या आधी पाहण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

धागाकर्ता

नॉब फिरवला, ओळी गेल्या, ३० हजारांवर स्वच्छ दिसतंय आणि टाकीतलं इंधनही येतंय. दोघांचे मनापासून आभार! हेलिओसचं वाचून मात्र पुढचा प्रश्न पडला. उडत असताना खरीच ब्लीड गळती झाली आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटले, तर? आणि दृष्टी जायच्या आधी हे कळणार कशावरून?

प्रतिसाद १

कळण्यासाठी केबिनच्या उंचीचं छोटं घड्याळ बघायचं. ते मधल्या पॅनेलवर अगदी खाली, स्टिकच्या आड असतं, त्यामुळे बरेच जण त्याकडे पाहतच नाहीत. सगळं ठीक असेल तर विमान ८ हजारांपासून साधारण २४ हजारांपर्यंत चढताना ते ८ हजारांवरच राहतं. त्याच्या वर आत-बाहेर ५ पीएसआयचा (पाउंड प्रति चौरस इंच) फरक टिकतो, म्हणजे विमान ३५ हजारांवर असताना केबिन साधारण १४-१५ हजारांवर. काटा बाहेरच्या उंचीबरोबर चढत असेल तर तिथेच चढाई थांबवा. ‘केबिन’ दिव्याची वाट पाहू नका, तो केबिन साधारण २१ हजारांवर गेल्यावर लागतो.

ब्लीड खरोखर गेलं तर सीटवरची हिरवी रिंग ओढायची. ती सीटमधली ऑक्सिजनची बाटली चालू करते, आणि ही मात्र खरी बाटली आहे, तुमचं गणित तिला लागू. मग फ्लो नॉब ऑफ, ओबॉग्स ऑफ, आणि केबिन १० हजारांच्या खाली येईपर्यंत उतरायचं. बाटली काही मिनिटांचीच असते, तेव्हा उतरणं लगेच सुरू करा. ऑक्सिजन नसेल तर २५ हजारांवर काम करण्याइतकी शुद्ध ३ ते ५ मिनिटं टिकते, ३५ हजारांवर जेमतेम अर्धं ते एक मिनिट.

आणि नॉब पुन्हा नॉर्मवर फिरवून पाहायचा मोह आवरा. जमिनीवर तो टेस्टने मिटवलेले व्हॉल्व्ह उघडतो. हवेत खरी गळती असेल तर तीच शेकडो अंश तापलेली हवा तुम्ही परत विमानाच्या अंगात सोडाल.