मदत हवी आहे: जानेवारीत लेकरांना आणि आजीला घेऊन विदर्भात कुठे राहावं?

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या सुमारास आम्ही अमरावतीहून दोन रात्रींसाठी निघणार आहोत. सोबत दोन लहान लेकरं आणि गुडघेदुखी असलेली आजी आहे. शेतातलं किंवा जंगलाजवळचं घरगुती रिसॉर्ट हवं आहे, जिथे दिवस बाहेर उन्हात जाईल. तरणतलाव नको, एवढ्या थंडीत लेकरं आजारीच पडायची.

मनात दोन जागा आहेत. चिखलदरा जवळ आहे, गाविलगड आणि भीमकुंड दाखवता येईल, कॉफीची झाडंही. पण उंची हजार मीटरच्या वर, त्यामुळे पहाटेचा गारठा आजीला सोसेल का? तिथे खोलीत गरम पाणी दिवसभर मिळतं की फक्त सकाळी? दुसरी जागा नवेगावबांध. हिवाळ्यात तलावावर परदेशी पक्षी उतरतात, ते लेकरांना दाखवायची माझी फार इच्छा आहे. फक्त अंतर बरंच आहे. आजीला घेऊन एका दिवसात जाणं जमतं का?

आणि हुर्डा! सोयाबीन-कपाशीपुढे आपल्याकडची ज्वारी कमी झाली, लेकरांनी कणीस भाजताना पाहिलेलंच नाही. स्वतःच्या वावरातला हुर्डा, रोडगे, वांग्याचं भरीत, बैलबंडीची फेरी आणि रात्री शेकोटी असं सगळं देणारं ठिकाण कुणाला माहीत आहे का? शेकोटीजवळ मोठ्यानं गाणी लावणारं मात्र नको.

खोली तळमजल्यावर आणि संडास कमोडचा असणं आजीसाठी गरजेचं आहे. स्वतः राहून आलेल्यांनी खर्चासकट सांगावं, ही विनंती.