अनुभव धागा : सोळाव्या वर्षाची दुचाकी आणि 50 सीसीची अट

माझा मुलगा यंदा अकरावीला गेला. कॉलेज घरापासून नऊ किलोमीटरवर, क्लास त्याच्या अगदी विरुद्ध दिशेला, आणि मधल्या वेळेत मिळणारी बस एकच, तीही बहुतेक दिवशी खच्चून भरलेली. जुलैपासून आमच्या घरी रोज संध्याकाळी हाच विषय निघतो. त्याच्या वर्गातली पाच-सहा मुले दुचाकीवर येतात. त्यांपैकी एकालाही 18 पूर्ण झालेली नाहीत, आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात आईवडिलांनीच दिलेली असते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

'नाही' म्हणण्याआधी नियम तरी नीट वाचावा म्हणून मी 1988 चा मोटार वाहन कायदा काढून बसलो. कलम 4 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्याचे किमान वय 18 आहे; मात्र ज्या मोटारसायकलचे इंजिन 50 सीसीपेक्षा मोठे नाही, ती 16 पूर्ण झालेल्या मुलामुलींना चालवता येते आणि त्यासाठी पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स मिळते. मूळ कायद्यात 50 सीसी हा आकडा नव्हता, 'बिनगिअरची मोटारसायकल' असे शब्द होते. 1994 च्या दुरुस्तीने ते बदलले आणि 14 नोव्हेंबर 1994 पासून इंजिनाच्या आकाराची अट आली. त्या काळी लूना होती, सनी होती, टीव्हीएस 50 होती, त्यामुळे अट पाळणे शक्य होते. आज शोरूममध्ये जी सर्वांत लहान बिनगिअरची स्कूटर दाखवतात ती 110 सीसीच्या आसपासची असते, आणि गावोगावी दिसणारी टीव्हीएसची एक्सएल सुद्धा आता 99.7 सीसीची आहे. म्हणजे कायद्याने सोळा वर्षांच्या मुलाला दिलेली परवानगी अजून जागेवर आहे, पण ज्या पेट्रोलच्या गाडीसाठी ती दिली ती गाडी नवीन विकत मिळत नाही. शिकण्याची पहिली पायरीच नाहीशी झाली आणि मुले थेट वरच्या पायरीवर उभी राहिली, असे माझे मत झाले आहे.

सोळा ते अठरा या वयात तुम्ही काय चालवलेत, कोणी शिकवले, लायसन्स काढले होते का, आणि आज पालक म्हणून काय ठरवले आहे, ते कृपया सविस्तर लिहावे. ज्यांच्या घरी काही वाईट घडले आहे त्यांनी लिहिले तर इतर अनेक घरांवर उपकार होतील.

निवृत्त शिक्षिका, नगर

लूना 1972 साली बाजारात आली आणि पुढे ती आमच्या नगरच्याच कारखान्यात तयार होत असे, त्यामुळे तिच्याविषयी आम्हा नगरकरांना घरच्या माणसासारखी माया होती. मी 1990 साली सोळा वर्षांची झाले आणि वाढदिवसानंतरच्या आठवड्यात वडील मला आरटीओत घेऊन गेले. त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली ती अजून डोळ्यांसमोर आहे, कारण सही करताना ते साहेबांना म्हणाले होते, "जबाबदारी माझी आहे." लर्निंगची पाटी पुढेमागे लावून मी महिनाभर आमच्याच कॉलनीत चालवली, मग मैदानावर आठ काढून दाखवला आणि पक्के लायसन्स मिळाले.

गाडी स्टँडवर लावून पेडल मारायचे, इंजिन धरले की हलक्या हाताने पुढे ढकलून स्टँड काढायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना माप चुकले तर प्लगवर काजळी धरायची. तो प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे मला वडिलांनी चालवायला शिकवण्याआधी शिकवले होते. चढ लागला की इंजिनाला पायांनी मदत करावी लागे. वेग इतका बेताचा होता की चूक झाली तरी ती सुधारायला वेळ मिळायचा, आणि आज मागे वळून पाहताना मला त्या गाडीचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो.

पुणे

नियम बदलल्याचा फरक आमच्या एकाच घरात दिसला. मी 1993 मध्ये सोळाव्या वर्षी कायनेटिक होंडा चालवायला लागले. ती 100 सीसी वर्गातली, पण बिनगिअरची, म्हणून तेव्हाच्या नियमात बसत होती. धाकटा भाऊ 1995 मध्ये सोळाचा झाला तेव्हा तीच गाडी, तोच टिळक रस्ता, पण त्याला लायसन्स मिळेना. तो फार चिडला होता. वडिलांनी मात्र किल्ली कपाटात ठेवली ती ठेवलीच, आणि दोन वर्षे तो सायकलवर गेला.

वकील, सांगली जिल्हा

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मी बरीच वर्षे काम करतो, म्हणून पालकांना क्वचित सांगितली जाणारी बाजू लिहितो. 1 सप्टेंबर 2019 पासून कायद्यात कलम 199-अ आले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड अशी शिक्षा आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत लर्निंग लायसन्स सुद्धा मिळत नाही. "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करण्याचा भार पालकांवर असतो, आणि रोज कॉलेजला गाडी नेणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते सिद्ध करणे किती अवघड आहे हे सांगायला नको. याच कलमात एक अपवादही आहे, तो या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा: मुलाकडे कलम 4 खालील लर्निंग लायसन्स असेल आणि ज्या गाडीसाठी ते दिले तीच गाडी तो चालवत असेल, तर पालकांवर ही जबाबदारी येत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. चालकाकडे वैध लायसन्स नसेल तर जखमी माणसाला किंवा मृताच्या घरच्यांना विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. हप्ता वेळेवर भरलेला आहे, पॉलिसी चालू आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत असलेले वडील मी पाहिले आहेत. वसुलीची नोटीस घरी आल्यावर शेतजमीन विकण्याचा विचार करणारे त्यांतले एक गृहस्थ माझ्यासमोर दोन तास बसून होते. त्यांचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता.

एक आई, नाशिक

आपण वाईट अनुभव लिहायला सांगितलेत म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलाला आम्ही सतरा पूर्ण झाल्यावर 125 सीसीची स्कूटर दिली. नवीन घेतली नव्हती, ह्यांची होती, आणि 'कॉलेजपुरतीच' असे ठरले होते. पावसाळ्यातल्या एका सकाळी वळणावर वाळू पसरलेली होती, त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. समोरून काही येत नव्हते, एवढे आमचे नशीब. मांडीचे हाड मोडले, सळई घालावी लागली आणि बारावीचे वर्ष गेले. त्या दिवशी हेल्मेट पायाजवळच्या हुकला अडकवलेले होते. गाडी उचलून आणणाऱ्या माणसाने ते मला आणून दिले तेव्हा त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

मला जी गोष्ट आजही खुपते ती अशी, की त्याला ब्रेक कसा लावायचा हे कोणी शिकवलेच नव्हते. ह्यांनी एका रविवारी मैदानावर अर्धा तास फिरवले, तेवढेच. वाळूवर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, दोन्ही ब्रेक हळूहळू लावायचे, वळणाच्या आत शिरण्याआधी वेग कमी करायचा, हे त्याला हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेवरच्या ट्रकचालक काकांनी सांगितले. आता तो एकवीस वर्षांचा आहे आणि गाडी अतिशय जपून चालवतो. ते शिक्षण त्याला आधी मिळायला हवे होते, आणि ते आम्ही द्यायला हवे होते.

श्टुटगार्ट, जर्मनी

आमच्या मुलीने इथे सोळाव्या वर्षी 'ए-1' वर्गाचे लायसन्स काढले, त्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तुलना उपयोगी पडेल. या वर्गात 125 सीसीपर्यंतची आणि 11 किलोवॉटपर्यंतची मोटारसायकल, गिअरची सुद्धा, चालवता येते. त्याखालचा 'ए-एम' वर्ग पंधराव्या वर्षापासून आहे, त्यात 50 सीसी आणि ताशी 45 किलोमीटर अशी मर्यादा आहे. गाडी मोठी मिळते, पण ती हातात पडण्याआधी बरेच करावे लागते: प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि नेहमीच्या सरावाखेरीज सक्तीचे बारा तास. त्यांतले पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार महामार्गावर आणि तीन अंधारात. शिकवणारा मागून दुसऱ्या गाडीवरून येतो आणि हेल्मेटमधल्या यंत्रातून सूचना देतो. मुलीने रात्रीचा पहिला तास संपवून घरी आल्यावर सांगितले की समोरच्या दिव्याकडे पाहिले की गाडी आपोआप तिकडेच जाते, म्हणून नजर रस्त्याच्या कडेवर ठेवायची असते. मी वीस वर्षे महाराष्ट्रात दुचाकी चालवली, मला हे कोणीही कधी सांगितले नव्हते.

पुढे दोन वर्षांनी फक्त प्रत्यक्ष परीक्षा देऊन वरच्या, 35 किलोवॉटपर्यंतच्या वर्गात जाता येते. खर्च मात्र पुष्कळ येतो, हे मान्य करायला हवे.

ठाणे

विजेच्या गाडीचा उल्लेख अजून कोणी केला नाही. ज्या गाडीची मोटार 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असते, ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि लायसन्सही लागत नाही. आम्ही मुलीसाठी अशीच गाडी घेतली. घेताना दुकानदार हळूच म्हणाला, "वायर काढून देतो, चाळीसने पळेल." आम्ही नको म्हटले आणि पावतीवर वेगाची मर्यादा लिहून घेतली. वायर काढली की तीच गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन होते, हे कितीतरी घरांत ठाऊक नसते. पंचविसाच्या वेगाने घोडबंदर रस्त्यावर जाता येत नाही, मागून येणारे डंपर थांबत नाहीत, म्हणून ती आतल्या रस्त्यांनी जाते आणि वीस मिनिटे आधी निघते.

धागाकर्ता

वकीलसाहेबांनी सांगितलेला अपवाद आणि नाशिकच्या ताईंचा अनुभव मी मुलाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मर्यादा इंजिनाच्या सीसीवर न ठेवता वेगावर आणि शक्तीवर ठेवावी आणि तिच्या जोडीला शिकवणी सक्तीची करावी, असे मला आता ठामपणे वाटते. पण ते होईपर्यंत जो कायदा आहे तोच आमच्या घरात पाळला जाईल.

कोल्हापूर

आम्ही जुनी 50 सीसीची सनी शोधून काढली. ओळखीच्या एका गृहस्थांच्या गोठ्यात ती अकरा वर्षे उभी होती. कागद मात्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते, आणि कागद होते म्हणूनच हे जमले. कार्बोरेटर उघडला तेव्हा आत पेट्रोल सुकून लाखेसारखा थर बसला होता. मिस्त्रींनी तो दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला आणि जेटची छिद्रे बारीक तारेने मोकळी केली. ब्रेकच्या वायरी, टायर, ट्यूब नवीन घातल्या. मग पर्यावरण कर, तपासणी, पुनर्नोंदणी आणि विमा. या सगळ्यात साडेतीन महिने गेले आणि पैसेही गाडीच्या किमतीपेक्षा जास्त गेले.

परीक्षेला ज्या वर्गाचे लायसन्स हवे त्याच वर्गाची गाडी आणावी लागते, म्हणून मुलीने तीच नेली. तिच्या लायसन्सवर '50 सीसी' असे लिहिलेले आहे. गेली दीड वर्षे ती रोज राजारामपुरीतून कॉलेजला जाते, हेल्मेट घालून, ताशी चाळीसच्या आत, आणि नाक्यावर हवालदारांनी थांबवले की पर्समधून आरसी, लायसन्स आणि विम्याचा कागद एका पाठोपाठ एक काढून दाखवते. मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण होतील. शेजारच्यांचा मुलगा एप्रिलमध्ये सोळाचा होतो आहे. त्याच्या वडिलांनी सनीसाठी आत्ताच विचारून ठेवले आहे, आणि तो पोरगा दर रविवारी मिस्त्रींकडे प्लग घासायला शिकतो आहे.