आईची गोळी कुटून दिली आणि बीपी घसरलं. नेमकं काय झालं?

लालबागची लेक:
मार्चमध्ये आईला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून गिळताना ठसका लागतो, म्हणून सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मऊ भातातून देते. परवा बीपीची निफेडिपिन रिटार्ड आणि साखरेची मेटफॉर्मिन एसआर अशाच दिल्या. पाऊण तासात चेहरा लाल, दरदरून घाम, वरचं बीपी ९०. डॉक्टरांकडे धावले. आता बरी आहे. ‘रिटार्ड कुटायची नसते’ एवढंच ते म्हणाले, बाहेर रांग होती. का नसते, हे मला समजून घ्यायचंय.

मुलुंडकर:
ताई, मी तीस वर्षं अशाच गोळ्या बनवण्यात काढली. ‘रिटार्ड’ काय किंवा ‘एसआर’ काय, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी. मेटफॉर्मिन एसआरमध्ये बहुतेक वेळा हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ असतो. पाणी लागलं की तो सब्जासारखा फुगतो, गोळीभोवती बुळबुळीत थर धरतो आणि त्यातून औषध तासन्‌तास झिरपत राहतं. कुटल्यावर थर धरायला गोळीच उरत नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटतं. निफेडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून ते एकदम सुटलं की चेहरा लाल होतो आणि बीपी कोसळतं. याच औषधाची एक गोळी १९८९ साली अमेरिकेत आली. तिच्या कवचाला लेझरने बारीक भोक पाडलेलं. पाणी आत झिरपलं की आतला पॉलिमर फुगून औषध त्या भोकातून हळूहळू बाहेर ढकलतो. कुटली तर सगळी करामत फुकट.

दादरचा केमिस्ट:
एसआर, ईआर, एक्सएल, रिटार्ड ही अक्षरं दिसली की कुटायचं नाही. बीपीच्याच मेटोप्रोलॉल एक्सएलवर मधोमध रेघ असेल तर अर्धी करता येते, पण चावायची नाही. डॉक्टरांना निफेडिपिनऐवजी अ‍ॅम्लोडिपिनबद्दल विचारा. ते मुळातच शरीरातून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे साधी गोळीही दिवसभर पुरते आणि कुटता येते. मेटफॉर्मिनही साधी मिळते, फक्त दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावी लागते. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तिचं आवरणही बघून घ्या, पोटात विरघळू नये म्हणून आवरण दिलेली असेल तर तीही कुटायची नाही.

लालबागची लेक:
दोघांचेही मनापासून आभार. उद्याच विचारते. एक सांगायचं राहिलं. झटक्याच्या आधी आईच्या शौचात गोळीसारखा मऊ गोळा दिसायचा. गोळी विरघळतच नाही असं वाटायचं, म्हणून कुटताना मला उलट बरंच वाटलं. मग तेव्हा औषध लागू पडतच नव्हतं का?

मुलुंडकर:
पडत होतं. उसाचा रस निघून गेल्यावर चिपाड उरतं ना, तसा तो रिकामा गोळा होता.