सोयाबीनची सुडी पेटवली, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली. कलम ३२४ की ३२६? मदत हवी आहे

पांदणवाट

नमस्कार मंडळी. कायद्यातली जाणकार मंडळी इथे आहेत म्हणून विचारतोय.

गाव पश्चिम विदर्भात, मी नोकरीनिमित्त पुण्यात, शेती वडील बघतात. दिवाळीच्या आठवड्यात आमची सोयाबीनची सुडी (कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग) रात्रीतून जळाली. अडीच एकराचं सोंगून, सुडी लावून ताडपत्रीनं झाकलं होतं. हडंब्याचा (मळणी यंत्राचा) नंबर लागायची वाट बघत होतो. सकाळी वडील गेले तर राखेचा ढीग, आणि मधून अजून धूर निघत होता. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जुना वाद आहे. 'सुडी घरी कशी नेता ते बघतो' असं तो दोन माणसांसमोर बोलला होता.

ठाण्यात गेलो तर आधी 'फटाक्याची ठिणगी असेल' म्हणाले. शेत गावापासून दोन किलोमीटरवर आहे, तिथे फटाके कोण वाजवायला जातंय? मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ (४) खाली अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. म्हणाले, नुकसान लाखाच्या आत आहे, आम्हाला तपास करता येत नाही, कोर्टात जा.

घोळ आकड्याचा आहे. तलाठ्यांच्या पंचनाम्यात २० क्विंटल आणि बाजारभाव ४,२०० धरून ८४,००० रुपये लिहिलेत. यंदाचा (२०२५-२६) हमीभाव ५,३२८ आहे, तो धरला तर १,०६,५६० होतात. भावाचं म्हणणं, तलाठ्याला भेटून आकडा लाखाच्या वर नेऊ, म्हणजे गुन्हा दाखल होईल. हे बरोबर आहे का? आगीसाठी वेगळं कलम नाही का? जुन्या कायद्यात होतं असं ऐकलंय.

रानमळा

वाईट झालं. वर्षभराची मेहनत.

दोन गोष्टी लगेच. पीक विम्याच्या भरवशावर राहू नका. कुणी मुद्दाम केलेलं नुकसान त्यात बसत नाही. आणि पंचनाम्याच्या आकड्याला हात लावायला जाऊ नका. उद्या समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. कलमाचं काळा_कोट सांगतील.

काळा_कोट

भावाला थांबवा. आकडा वाढवायची गरजच नाही, कारण तुमच्या प्रकरणात आकडा लागतच नाही.

कलम ३२४ हे साध्या आगळिकीचं, म्हणजे मुद्दाम केलेल्या नुकसानीचं. काच फोडली, पाइप तोडले, गाडी ठोकली वगैरे. त्यात रकमेप्रमाणे पायऱ्या आहेत. २० हजारांपासून लाखाच्या आत असेल तर पोटकलम (४), दोन वर्षांपर्यंत कैद, अदखलपात्र. लाख किंवा वर गेलं की पोटकलम (५), पाच वर्षांपर्यंत, दखलपात्र. ठाण्यातल्या साहेबांनी ही शिडी धरली.

आग लावून नुकसान केलं तर कलम ३२६ (एफ). आग किंवा स्फोटक वापरून, नुकसान करायच्या इराद्यानं किंवा नुकसान होईल हे माहीत असताना, 'कोणत्याही मालमत्तेचं, शेतमाल धरून' नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात रकमेची अट नाही. सुडी ८४ हजारांची असो की आठ हजारांची, कलम तेच. आणि हे दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो, करावाच लागतो. ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१३ साली सांगितलंय की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे.

जुन्या कायद्याबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं. भादंवि (भारतीय दंड विधान) ४३५ मध्ये आगीसाठी रकमेची अट होती: इतर मालमत्तेला १०० रुपये, शेतमालाला १० रुपये. नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि आगीच्या कलमातली ती अट निघाली. साध्या नुकसानीच्या कलमात मात्र जुन्या ५० रुपयांच्या जागी २० हजार आणि एक लाख असे टप्पे आले. गडबड इथेच होते. नवीन तक्ता समोर धरला की नजर आधी ३२४ वर जाते, आणि पुढचं पान उलटायचं राहून जातं. (मुद्दाम राहतं का, हे मी म्हणणार नाही.)

आता मला सांगा, आग लावलीच आहे हे दाखवायला हातात काय आहे? जळालं एवढं पुरत नाही. बिडी पडून पेट घेतला असं निघालं तर तो निष्काळजीपणा, कलम २८७, सहा महिन्यांपर्यंत. सगळा खेळ इराद्याचा आहे.

पांदणवाट

खूप आभार. हे ठाण्यात कुणी बोललंच नाही.

सुडीपासून पाचेक हातांवर ताडपत्रीच्या जळक्या काठाशी अर्धवट वितळलेली प्लॅस्टिकची बाटली सापडली, बूच नसलेली. पेट्रोलचा वास येत होता. वडिलांनी ती उचलून पिशवीत घातली, अजून घरीच आहे. सुडीला लागून पत्र्याची खोली आहे, तिचं दारही जळालं आणि आतले स्प्रिंकलरचे पाइप वितळले. पंचनाम्यात खोलीचा उल्लेख नाही.

काळा_कोट

बाटली घरी ठेवू नका. लेखी अर्जासोबत ठाण्यात जमा करा, पंचांसमोर जप्ती पंचनामा करून घ्या. कुणी, कधी, नेमकी कुठून उचलली ते वडिलांच्या जबाबात जसं घडलं तसंच येऊ द्या. पेट्रोल उडून जातं, म्हणून ती हवाबंद डब्यात सील करून अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवावी असं अर्जातच लिहा. जिथे सुडी होती तिथली माती आणि राखही. अजून नांगरलं नसेल तर थांबा.

याचा एक धागा कायद्यातही आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायला हवं असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा नवा कायदा) कलम १७६ (३) मध्ये आहे. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंतची सवड आहे, पण मागणी करायला कोण अडवतंय?

खोलीचं महत्त्वाचं. माल ठेवायची किंवा राहायची इमारत नष्ट करायच्या इराद्यानं आग लावली तर ३२६ (जी): जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, सेशन कोर्टात. तुमच्या खोलीला लावली की सुडीची झळ लागली, हे तपासात ठरेल. म्हणून (जी) साठी हट्ट धरू नका, पण दार आणि पाइप यांचा पुरवणी पंचनामा नक्की मागा. फोटो काढलेत ना?

साधा_माणूस

थोडं अवांतर, पण राहवत नाही. ५० रुपयांचा आकडा १८६० सालचा, १० रुपयांचा १८८२ सालचा! तेव्हा दहा रुपयांत किती धान्य येत असेल याचा विचार करा. ते २०२४ च्या जूनपर्यंत जसेच्या तसे. आता लाख केलेत, तेही कायद्यात पक्के खिळे मारून. भाव वाढले तरी आकडा हलणार नाही. अजून तीस वर्षांनी एक लाखाचं नुकसान म्हणजे एका फोनची काच असेल आणि पाच वर्षांचं कलम लागेल.

रानमळा

@साधा_माणूस, शेतकऱ्याला उलटी बाजू आज दिसते. अल्पभूधारकाचं अख्खं वर्षाचं पीक लाखाच्या आत बसतं. त्याची उभी तूर रातोरात कापून टाकली तर अदखलपात्र, आणि कुणाच्या महागड्या चारचाकीचं ओरखडे पाडून लाखाचं नुकसान केलं तर दखलपात्र. आगीला अट नाही हे त्यातल्या त्यात बरं केलंय.

पांदणवाट

उद्या गावी निघतोय. ठाण्यात परत नकार दिला तर? आणि अर्जात शेजाऱ्याचं नाव लिहायचं का? आणखी एक, गावातली चार माणसं मध्ये पडतायत. म्हणतात, त्याच्याकडून साठ हजार घेऊन मिटवा.

काळा_कोट

एनसी झाली म्हणून एफआयआर होत नाही असं नाही. नवीन अर्ज द्या, त्यात 'आग लावून शेतमालाचे नुकसान' हे शब्द आणि ३२६ (एफ) स्पष्ट लिहा, पोच घ्या. नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे तोच मजकूर टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे १७५ (३) चा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. हा शेवटचा भाग वकिलाकडून करून घ्या.

नाव लिहा, पण 'यानेच लावली' असं नको. कुणी बघितलेलं नाही. 'यांच्यावर संशय आहे', त्याचं कारण, धमकीची तारीख आणि ती ऐकणाऱ्या दोघांची नावं. त्या दोघांना आधी विचारून घ्या, ऐनवेळी 'आम्ही नव्हतोच' म्हणणारे पुष्कळ. (एफ) जामीनपात्र आहे, तेव्हा तो लगेच आत जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मिटवण्याचं: ३२४ (४) मध्ये खासगी माणसाचं नुकसान असेल तर तडजोड चालते, मॅजिस्ट्रेटसमोर प्रकरण संपतं. ३२६ (एफ) तडजोडीच्या यादीत नाही. एकदा तो गुन्हा दाखल झाला की साठ हजार घेऊन अर्ज मागे घेता येत नाही. मिटलं तरी रद्द करायला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं. मध्ये पडलेल्या माणसांना घाई का आहे ते यावरून कळेल. निर्णय वडिलांचा, रोज त्याच धुऱ्यावरून त्यांना जायचंय. पण पैसे घ्यायचेच ठरलं तर 'नुकसानभरपाई' असं लिहून, दोन्हीकडच्या सह्या घेऊन, बँकेतून घ्या. रोख नको. आणि ती बाटली त्याआधी ठाण्यात जमा झालेली असू द्या.